भरती एकाची, नोकरी दोघांची

(शहाड इथे माजी सैनिक आणि त्यांच्या घरच्या स्त्रिया यांच्या एकत्र बैठकीत केलेल्या भाषणाचं हे लेखी रूप. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो, काकूंनो आणि मागच्या खुर्च्यांवर बसलेल्या काका मंडळींनो,

आपल्या बैठकीला इतके पुरुष पहिल्यांदाच आलेत. काका, तुम्ही मागे बसलात याचं मला बरं वाटलं. तुमच्या घरी मी आले तेव्हा तुम्ही पुढे बसला होता आणि काकू आत होत्या. आज उलटं झालंय.

गेले काही महिने शहाड, मोहने, आंबिवली आणि म्हारळ या भागातल्या माजी सैनिकांच्या घरी मी जाते आहे. सुरुवात एका कामापासून झाली. आमच्याकडे एक काकू आल्या. त्यांचे यजमान हवालदार म्हणून निवृत्त झालेले, पुढे बारा वर्षं एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीत काम केलेलं. ते वारले. काकूंना फॅमिली पेन्शन सुरू व्हायला हवी होती, ती होत नव्हती. कारण काय, तर फौजेच्या कागदावर बायकोचं नाव एक आणि आधार कार्डावर दुसरं. तेरा महिने काकू मुलाच्या पगारावर आणि सुनेच्या बोलण्यावर जगल्या.

ते काम करता करता मला वाटलं, फौजेतल्या नोकरीकडे आपण स्त्रियांच्या बाजूनं कधी पाहिलेलंच नाही. म्हणून मी घरोघर जाऊन विचारायला लागले, की भरती कशी झालात, नोकरी कशी गेली?

काकांनी भरभरून सांगितलं. ते खरंच ऐकण्यासारखं आहे. १९७२ च्या दुष्काळात घरात धान्य नव्हतं, कुणीतरी एसटी स्टँडवर सांगितलं की भरती आहे, रात्रीतून चालत निघालो, अनवाणी धावलो, छाती मोजली, वजन कमी भरलं म्हणून केळी खाऊन आणि पाणी पिऊन पुन्हा काट्यावर उभा राहिलो. कुणी बेळगावला मराठा सेंटरला गेले, कुणी सागरला महार रेजिमेंटच्या सेंटरला, कुणी नाशिक रोडला तोफखान्यात, कुणी खडकीला इंजिनिअर ग्रुपमध्ये. देशासाठी भरती झालो असं पहिल्या वाक्यात म्हणणारे थोडेच भेटले. बहुतेकांनी प्रामाणिकपणे सांगितलं, पोटासाठी गेलो. देश नंतर कळला. एक काका म्हणाले, दोन वेळा पोटभर जेवण आणि पायात बूट, हे दोन्ही मला आधी सरकारनं दिलं. मग मी त्याच्यासाठी उभा राहिलो, त्यात नवल काय?

मग १९७१ आलं, श्रीलंकेतली १९८७ ते १९९० ची वर्षं आली, १९९९ चं कारगिल आलं. बर्फ, वाळवंट, सोबती गमावल्याचं दुःख आलं. सांगताना काहींचा आवाज बसला. हे सगळं मी वहीत लिहून घेतलं आणि त्याबद्दल मला आदर आहे. तो आदर बाजूला ठेवून मी पुढचं बोलत नाहीये, हे आधी सांगते.

पण लिहिता लिहिता एक गोष्ट लक्षात आली. काकांना पोस्टिंगच्या तारखा पाठ होत्या. कुठल्या साली कुठे, कुठल्या युनिटमध्ये, कमांडिंग ऑफिसर कोण. मी विचारलं, मोठी मुलगी कधी झाली? काका म्हणाले, "तेव्हा मी तेजपूरला होतो." आणि आतून, स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "आषाढात. ओढ्याला पाणी होतं. बैलगाडी पलीकडे जाईना म्हणून घरातच झाली."

त्या दिवसापासून मी वहीत दोन रकाने केले. डावीकडे काकांची वर्षं, उजवीकडे काकूंची. आज तुमच्यापुढे उजवा रकाना वाचायचा आहे.

पहिलं म्हणजे पत्र. पत्ता काय असायचा? नंबर, नाव, युनिट आणि पुढे "५६ ए.पी.ओ." नवरा काश्मीरला आहे की आसामात, हे त्या पत्त्यावरून कळायचं नाही. आणि पत्र यायचं कुणाच्या नावे? सासऱ्यांच्या. वाचायचं कुणी? दिरानं, नाहीतर पोस्टमननं. एका काकूंनी मला सांगितलं, उत्तरात काय लिहू? लिहिणारा दीरच. सासू जेवायला देत नाही, हे मी दिराच्या हातून नवऱ्याला कसं कळवू? म्हणून अठरा वर्षं प्रत्येक पत्रात एकच मजकूर गेला, की सर्व खुशाल आहे. काका ती पत्रं अजून ट्रंकेत जपून ठेवतात. त्यांना आजवर वाटत होतं, घरी खरंच सगळं खुशाल होतं.

दुसरं म्हणजे मनीऑर्डर. तीही सासऱ्यांच्या नावे. शेताचं खत, नणंदेचं लग्न, दिराचं शिक्षण त्यातून निघालं. ते निघू नये असं कुणी म्हणत नाही. पण जिच्या नवऱ्याचा तो पगार, तिला साडी मागायची तर सासूकडे मागावी लागे. कुटुंब सोबत न्यायला क्वार्टर मिळायचं ते थोड्यांना आणि थोड्याच वर्षांसाठी. बाकी वर्षांत दोन महिन्यांची मोठी सुट्टी. त्या दोन महिन्यांत शेत, लग्नं, देवदर्शन, उसनवारी, सगळं. आणि सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात गावातलं कुणीतरी कानाला लागायचं, "तू नसतोस, बायकोवर लक्ष असू दे." त्या एका वाक्यानं किती घरांत मार पडलाय, ते इथल्या बायकांना मी सांगायची गरज नाही.

तिसरं म्हणजे परत येणं. शिपाई माणूस पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होतो. तोवर घर तिनं चालवलेलं असतं. शाळेचे दाखले, सोसायटीचं कर्ज, सासूचं आजारपण, सगळं. मग एक दिवस माणूस ट्रंक घेऊन कायमचा येतो. मुलं विचारतात, हे कधी जाणार? त्याला घरात हुकूम द्यायची सवय असते, तिला हुकूम न घेता निर्णय घ्यायची सवय झालेली असते. दोघांचाही यात दोष नाही. पण याची तयारी कुणीच करून घेत नाही. निवृत्तीआधी सैनिकाला पुढच्या नोकरीसाठी कोर्स देतात. घरी कसं राहायचं याचा कोर्स नाही. आणि पुढची नोकरी म्हणजे बहुतेकांना काय मिळतं, हे आपल्या भागातल्या कारखान्यांच्या आणि सोसायट्यांच्या गेटवर पाहा. बारा-बारा तासांची ड्यूटी, आणि काल ज्याला जवान म्हणून सलाम केला त्याला आज "ए वॉचमन" म्हणून हाक. तो अपमान संध्याकाळी घरी येतो. कुणावर निघतो?

आता थोडं मागे जाऊ. आपण शहाडला बसलो आहोत. स्टेशनाबाहेर रिक्षावाला काय ओरडतो? "कॅम्प, कॅम्प." कॅम्प एक, कॅम्प दोन, पाचपर्यंत. हे कॅम्प कसले? दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावण्या. १९४७ नंतर त्याच बराकींत सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबं राहिली आणि १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर नाव मिळालं. म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यात फौज आहे. त्याच युद्धात, १९४२ मध्ये, विमेन्स ऑक्झिलिअरी कोअर नावाचं स्त्रियांचं दल काढलं होतं. हजारो स्त्रियांनी कचेऱ्यांत, टेलिफोनवर, भांडारांत काम केलं. युद्ध संपल्यावर दल मोडलं. त्यांच्या आठवणी विचारायला कोण गेलं?

सातारा जिल्ह्यात अपशिंगे गाव आहे. लोक त्याला मिलिटरी अपशिंगे म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या गावचे ४६ जण कामी आले. त्या युद्धानंतर आपल्याकडे कितीतरी गावांत इंग्रज सरकारनं दगड बसवले. दगडावर आकडे दोन, किती गेले आणि किती मेले. तिसरा आकडा नाही. मागे विधवा किती राहिल्या, पुढे त्यांचं काय झालं, हे दगडावर नाही.

आणि शहाडच्या पुलावरून जो रस्ता मुरबाडला जातो, त्याचीही एक गोष्ट आहे. बाबासाहेब आंबेडकरांच्या आई भीमाबाई या मुरबाडकर घराण्यातल्या. माहेर पलटणीतलं, सासरही पलटणीतलं. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते आणि लष्करी शाळेत त्यांनी शिकवलं. बाबासाहेबांचा जन्मही १८९१ मध्ये महूच्या छावणीत झाला. जिथे गावच्या शाळेच्या पायरीवर चढू देत नव्हते, तिथे छावणीतल्या शाळेत शिपायांच्या मुलांना, आणि मुलींनाही, शिकता येत होतं. पुढे १८९० च्या दशकात महारांची लष्करभरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांनी त्याविरुद्ध अर्ज केले. शेवटी १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. आपण या लढ्याकडे पुरुषांच्या नोकरीचा लढा म्हणून पाहतो. पण भरतीचं दार बंद झालं तेव्हा छावणीतल्या शाळेचं दार त्या घरांतल्या मुलींनाही बंद झालं. म्हणून मी सैनिकी नोकरीला सरसकट वाईट म्हणणार नाही. कितीतरी दलित घरांना तिनं ताठ मानेनं उभं केलं. मला म्हणायचंय ते इतकंच, की भरतीचा फायदा असो की किंमत, ती घरातल्या बाईपर्यंत पोचते. हिशेब मात्र तिच्यापर्यंत पोचत नाही.

तो हिशेब कसा मागायचा, आता ते बोलू. कार्यकर्त्या मैत्रिणींनी हे लिहून घ्या.

आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत आहे. ताटात तांदूळ पसरायचे, अंगठीनं नवं नाव लिहायचं, पेढे वाटायचे. हौसेचा प्रकार वाटतो. पण जवान सुट्टीवरून युनिटला परत जाऊन लग्नाची नोंद करतो, ज्याला ते पार्ट टू ऑर्डर म्हणतात, तेव्हा तो सासरचं नाव सांगतो. तिच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव असतं. रेशन कार्डावर लाडाचं नाव. माझ्या आईचंच सांगते. माझे वडील फौजेत होते. त्यांच्या डिस्चार्ज बुकात आईचं नाव सुमन, शाळेच्या दाखल्यात हौसाबाई. नवरा आणि बायको दोघं जिवंत असताना हे दुरुस्त करायला आम्हाला एक अर्ज, एक प्रतिज्ञापत्र आणि चार फेऱ्या लागल्या. नवरा गेल्यावर त्याच कामाला त्या काकूंचे तेरा महिने गेले.

तेव्हा घरी गेल्यावर ट्रंक उघडा. डिस्चार्ज बुक आणि पेन्शन पेमेंट ऑर्डर, म्हणजे पी.पी.ओ., बाहेर काढा. बायकोचं नाव आहे का? स्पेलिंग तेच आहे का? जन्मतारीख आधारशी जुळते का? मुलांची नावं आहेत का? नसतील तर नवरा हयात असतानाच रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा. ठाण्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, तिथून मार्गदर्शन मिळतं. आता संरक्षण खात्याच्या पेन्शनी "स्पर्श" या ऑनलाइन व्यवस्थेवर आल्यात. त्याचा पासवर्ड फक्त मुलाच्या मोबाइलमध्ये असू नये. पेन्शनचं खातं जोडखातं करा. काका, हे ऐकताना तुम्हाला अशुभ वाटतंय, तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय. मोर्चावर जाताना विल करून ठेवायला सांगितलं होतं ना? ते अशुभ वाटलं नाही, मग हे का?

दुसरी गोष्ट. नांदवलं नाही, वेगळी राहते, म्हणून बायकोचा फॅमिली पेन्शनचा हक्क जात नाही. कायदेशीर घटस्फोट झालेला नसेल तर ती पत्नी आहे. पहिली असताना केलेलं दुसरं लग्न कायद्यानं लग्नच नाही, मग ते छावणीत केलेलं असो की गावात. फॅमिली पेन्शन साधारणपणे शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असते. सुरुवातीची काही वर्षं ती जास्त दरानं मिळते. ती मेहरबानी नाही.

तिसरी गोष्ट. नोकरीत असलेला जवान घरी पैसे पाठवत नसेल तर काय? त्याच्या पगारावर दिवाणी कोर्टाची जप्ती येत नाही, असं सांगून बायकांना परत पाठवतात. पण १९५० च्या लष्कर कायद्यातच, अधिकाऱ्यांसाठी कलम ९० आणि बाकीच्यांसाठी कलम ९१ मध्ये, बायको-मुलांच्या पोटगीसाठी पगारातून रक्कम कापायची तरतूद आहे. अर्ज त्याच्या कमांडिंग ऑफिसरकडे करायचा. कोर्टाचा मार्गही खुला आहे. पोटगीचं जुनं कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालंय. आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा गणवेशाला घाबरत नाही. ठाण्यातले हवालदार म्हणतात, "अहो ताई, माजी सैनिक आहेत, देशासाठी लढलेत." लढले असतील. त्यांच्या मनावर जे ओरखडे आहेत त्यावर उपचार व्हायला हवेत, त्यासाठी आपण त्यांच्याबरोबर जाऊ. पण बायकोला मारायची सवलत हा उपचार नाही.

चौथी गोष्ट वीरपत्नींची. शौर्यपदक मिळालेल्या सैनिकाच्या विधवेला दरमहा भत्ता मिळतो. तिनं पुन्हा लग्न केलं तर तो बंद व्हायचा. १९९५ मध्ये नियम "सुधारला". कसा? दिराशी लग्न केलं तर भत्ता चालू राहील! पुढची बावीस वर्षं हा नियम होता. बाई कुणाशी संसार करते यावर सरकारचा भत्ता ठरत होता, आणि घरातला पैसा घरात राहावा म्हणून वीस-बावीस वर्षांच्या मुलींवर दिराशी लग्नाचा दबाव आणायला नातेवाइकांच्या हाती सरकारी कागद होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये ही अट काढली. अट गेली, पण विधवेचं लग्न दिराशीच लावायची मनाची सवय गेली का, ते आपापल्या गावात पाहा.

आता शेवटचा मुद्दा. स्त्रिया स्वतः फौजेत गेल्या त्याचा. परिचर्या आणि वैद्यकीय विभाग सोडले तर १९९२ पर्यंत लष्करात त्यांना अधिकारी म्हणून जागा नव्हती. पुढेही कायम नोकरीसाठी, म्हणजे पर्मनंट कमिशनसाठी, कोर्टात भांडावं लागलं. १७ फेब्रुवारी २०२० ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला. त्या खटल्यात सरकारनं काय सांगितलं होतं? जवान बहुतेक खेड्यातून येतात, बाईचा हुकूम मानायची त्यांच्या मनाची तयारी नाही. कोर्टानं ते मानलं नाही. हे मी मोहन्यातल्या एका आजींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "वीस वर्षं घर मी चालवलं. गडी माणसं माझ्या हुकमावर पेरणी करत होती. ती खेड्यातलीच होती." सुप्रीम कोर्टात या आजींची साक्ष काढायला हवी होती.

२०२१ मध्ये लष्करी पोलिसांत महिला शिपायांची पहिली तुकडी दाखल झाली. आपल्या खडकवासल्याच्या एन.डी.ए.तून मे २०२५ मध्ये पहिल्या १७ मुली बाहेर पडल्या. सातारच्या कर्नल संतोष महाडिक यांना २०१५ मध्ये वीरमरण आलं. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक २०१७ मध्ये स्वतः लेफ्टनंट झाल्या. पुण्यात शिकलेल्या माधुरी कानिटकर लेफ्टनंट जनरलपदापर्यंत पोचल्या. आपल्या वस्तीतल्या मुली सकाळी धावायला जातात, त्यांना हसू नका.

पण त्याच वेळी नोकरीचं रूप बदललंय. २०२२ च्या अग्निपथ योजनेत भरती चार वर्षांची. त्यातले जास्तीत जास्त पंचवीस टक्के पुढे कायम होणार, बाकीच्यांना एकरकमी सेवानिधी, पेन्शन नाही. म्हणजे चार वर्षांनी घरी येणाऱ्या मुलाच्या भावी बायकोला फॅमिली पेन्शनही नाही. माझ्या वहीतला उजवा रकाना आजवर ज्या एका कागदावर उभा होता, तोच काढून घेतलाय. माजी सैनिकांच्या संघटना यावर बोलतात. त्या बोलण्यात बायकांचा आवाज कुठे आहे?

म्हणून आज दोन गोष्टी ठरवू या. एक, पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं डिस्चार्ज बुक आणि पी.पी.ओ.च्या झेरॉक्स आणायच्या. आपण इथे बसून एकेक नाव तपासू. आमच्या मैत्रिणी अर्ज लिहायला मदत करतील. दोन, दर महिन्याला एका काकांनी आणि एका काकूंनी, दोघांनी, आपल्या नोकरीच्या वर्षांबद्दल बोलायचं. काका बोलताना काकूंनी मध्ये बोललं तरी चालेल. काकू बोलताना काकांनी फक्त ऐकायचं. शिस्तीची सवय तुम्हाला आहेच.

ज्या काकांनी अठरा वर्षांची पत्रं ट्रंकेत जपली आहेत, ते आज इथे आहेत. मागच्या आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "खुशाल आहे असं लिहिलेल्या वर्षांत खरं काय होतं, ते आता विचारलं तर ती सांगेल का?" मी म्हटलं, विचारून बघा, आणि सांगितलं तर मध्येच उठून जाऊ नका.

त्यांनी विचारलं की नाही, मला माहीत नाही. पण आज काकू पुढच्या रांगेत बसल्या आहेत आणि पुढच्या महिन्यात पहिल्यांदा बोलायला त्यांनी आपलं नाव दिलंय. माहेरचं आणि सासरचं, दोन्ही.